स्मार्ट मीटर बसवताना कोकणातल्या घराने काय पाहावे?

गणपती आणि शिमगा सोडला, तर एरवी कुलूप असलेली घरे कोकणातल्या बहुतेक वाड्यांत दिसतात. मीटर पडवीच्या आत असल्यामुळे रीडिंग मिळत नाही, बिल सरासरीने निघते, आणि चाकरमानी गावी आला की त्याची निम्मी सुट्टी मागच्या बिलांची दुरुस्ती करून घेण्यात जाते. स्मार्ट मीटरविषयी शंका घेण्याआधी अशा घरांना होणारा त्याचा फायदा मान्य करायला हवा. या मीटरमध्ये सिमकार्डावर किंवा रेडिओलहरींवर चालणारी यंत्रणा असते आणि ती वापराच्या नोंदी परस्पर वीज कंपनीकडे पाठवते. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतील 2023 च्या दुरुस्तीनुसार असा मीटर दिवसातून किमान एकदा दुरून वाचला गेला पाहिजे. स्थिर आकार चुकत नाही, पण बंद घराच्या माथी न वापरलेले युनिट बसत नाहीत.

दुसरा फायदा पावसाळ्यातला आहे. वीज जाताच मीटरमधला लहानसा कपॅसिटर संदेशयंत्रणेला काही क्षण पुरेल एवढी ऊर्जा देतो आणि त्या अवधीत ‘पुरवठा बंद’ असा निरोप कंपनीकडे जातो. कोणत्या वाडीत अंधार आहे, हे फोनाफोनी न करता कळू शकते. मात्र 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेच्या खांबांबरोबर मोबाइल सेवाही कोलमडली होती. अशा वेळी हा निरोप पोहोचणारच नाही. खाडीकाठच्या आणि डोंगराच्या कुशीतल्या ज्या गावांत एरवीही रेंज नसते, तिथे नोंदी मीटरमध्येच साठून राहतात आणि जोडणी मिळाली की पुढे जातात.

लोकांची मुख्य तक्रार बिल वाढल्याची आहे आणि ती बारकाईने तपासण्यासारखी आहे. चकती फिरणारा जुना मीटर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने मंदावतो, त्यामुळे अगदी थोडा वापर त्याच्या नजरेतून सुटतो. इलेक्ट्रॉनिक मीटर तोही टिपतो. मीटरवर प्रतियुनिट 3200 स्पंदने असे छापलेले असेल, तर नुसत्या जोडून ठेवलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या 10 वॅटनेही सुमारे दर दोन मिनिटांनी त्याचा लाल दिवा एकदा लुकलुकतो. घरातला मेन स्विच बंद करूनही हा दिवा लुकलुकत राहिला, तर मीटरमध्ये किंवा मीटर आणि मेन स्विच यांच्या मधल्या वायरिंगमध्ये काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

कोकणातल्या जुन्या घरांत आणखी एक अडचण संभवते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भावाभावांत वाटणी होते, मीटर दोन होतात, पण वायरिंग जुनेच राहते आणि दोन्ही भागांची न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी, तार कुठेतरी एकत्र जोडलेली असते. आपल्याकडचे अनेक इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि वीजचोरी पकडता यावी म्हणून त्यांपैकी जास्त असलेल्या प्रवाहावर युनिट धरतात. शेजारच्या भावाचा प्रवाह आपल्या न्यूट्रलमधून परतत असेल, तर त्याचा भार आपल्या बिलावर चढतो. मीटर बदलण्याआधी वायरमनला बोलावून दोन्ही न्यूट्रल वेगळे करून घेणे, हा माझ्या मते या व्यवहारातला सर्वांत मोलाचा खर्च आहे.

अर्थात मीटर कधी चुकतच नाही, असेही नाही. नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले, तेव्हा डिमरवर चालणाऱ्या दिव्यांमुळे प्रवाहाचा आकार बिघडताच त्यांतल्या पाच मीटरांनी जास्त आणि दोघांनी कमी वापर दाखवला; सर्वांत मोठी चूक 582 टक्क्यांची होती. ती स्थिती प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेली होती, तरीही ग्राहकाची शंका हसण्यावारी नेऊ नये, एवढे त्यातून नक्की दिसते.

सवलतीचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरापुरता मांडावा. महावितरणने 1 जुलै 2025 पासून घरगुती टीओडी मीटरला, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणाऱ्या स्मार्ट मीटरला, सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे किमान 80 पैसे सवलत दिली आहे. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप रोज दोन तास चालत असेल, तर साधारण दीड युनिट वीज लागते. पंप पहाटेऐवजी दुपारी लावला, तर महिन्याला सुमारे 36 रुपये वाचतात. पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्या घरांचे एसी मात्र रात्रीच चालतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला यातले फारसे येणार नाही.

रेडिओलहरींची भीती मला निराधार वाटते, कारण या लहरी मोबाइलच्याच जातीच्या असतात आणि मीटर त्या थोड्या थोड्या वेळापुरत्याच सोडतो. खासगीपणाचा प्रश्न मात्र खरा आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घरात माणसे कधी असतात आणि घर कधीपासून बंद आहे, हे सहज ओळखता येते. ही माहिती कोण पाहते आणि किती काळ जपून ठेवते, याचे लेखी उत्तर मागण्याचा ग्राहकाला पुरेपूर आधार आहे. दुरून वीज तोडता येत असली, तरी थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस देण्याचे बंधन 2003 च्या वीज कायद्याने घातलेले आहे.

मीटर बदलतेवेळी जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा. घर बंद असेल, तर ते काम शेजाऱ्यावर सोपवावे. पुढे बिलाचा मेळ बसला नाही, तर ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो.