उन्हात दिसणारी स्क्रीन: हातातल्या संगणकाची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या दुपारी घोडबंदर रोडवर रिक्षात बसलात, तर हँडलला लावलेल्या मोबाईलवर चालक पुन्हा पुन्हा तळहाताची सावली धरताना दिसेल. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरचे टीएमटीचे (ठाणे परिवहन) कंडक्टर, ठाणे-बेलापूर रोडवरचे एनएमएमटीचे (नवी मुंबई परिवहन) कंडक्टर, मीटरचा फोटो काढायला दारात येणारे रीडर, पार्सल पोचवणारी मुलं, ही सगळी माणसं हातातल्या संगणकावर कामं करतात आणि दिवसाचा मोठा भाग उघड्यावर काढतात. नव्या यंत्राची चर्चा मात्र प्रोसेसरच्या वेगाची आणि कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलची. इतिहास पाहिला तर या यंत्रांचं नशीब वेगाने क्वचितच ठरलंय. ते ठरलं बॅटरीवर आणि स्क्रीनवर.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली. वहीएवढा, मुलांना कुठेही नेता येईल असा संगणक. तो बनवायला लागणारे भाग तेव्हा अस्तित्वातच नव्हते. पुढे ते एकेक करून आले, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम चिप आखली ती टेबलावरच्या संगणकासाठी. चिपला महागडं सिरॅमिकचं वेष्टन परवडत नव्हतं, आणि स्वस्त प्लॅस्टिकमध्ये बसवायची तर ती तापून चालणार नव्हतं, म्हणून एक वॉटच्या आत राहायचं ठरलं. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हाती आली, तेव्हा ती अपेक्षेपेक्षाही कमी वीज खाणारी निघाली. चाचणीत तिचा वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता, तरी शेजारच्या भागांकडून सिग्नलच्या पिनांमधून येणाऱ्या विजेवर ती चालत होती. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये याच घराण्यातली चिप असते. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरीसुद्धा सुरुवातीला व्हिडिओ कॅमेऱ्यांत गेली.

ॲपलचं न्यूटन हे हातात धरायचं यंत्र १९९३ मध्ये आलं, एआरएम चिप आणि हस्ताक्षर ओळखण्याची महत्त्वाकांक्षा घेऊन. ते फारसं चाललं नाही. तीन वर्षांनी आलेला पाम पायलट कागदावर कमजोर होता. १६ मेगाहर्ट्‌झची चिप, १६० बाय १६० ठिपक्यांची करडी स्क्रीन. पण तो खिशात मावायचा आणि दोन पेन्सिल सेलवर काही आठवडे चालायचा. तोच खपला. त्याची एक खोड वाईट होती. सेल पूर्ण उतरले की आतली माहितीही जायची, कारण ती टिकवायला सतत वीज लागे.

आपल्याकडचा सिंप्युटर हा हातातला संगणक याच मालिकेतला, आणि तो विस्मरणात जावा याचं मला फार वाईट वाटतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले अभियंते यांनी तो आखला. लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली, भारतीय भाषांत वाचून दाखवणारा आवाज, आणि एकच यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावं म्हणून ज्याचं त्याचं वेगळं स्मार्टकार्ड. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने ‘अमिडा सिंप्युटर’ विक्रीला आला. त्यात यंत्र हलवून आज्ञा देण्याची सोय होती, आयफोनच्या तीन वर्षं आधी. तोवर साध्या मोबाईलच्या किमती कोसळल्या होत्या. इथे नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमचा कारभार चालत होता, आणि त्यांच्या २००३ च्या पावसाळी योजनेत सुरुवातीला ५०१ रुपये भरून फोन मिळत होता. लोकांना आधी बोलायचं होतं.

स्क्रीनच्या इतिहासातलं एक पान तर आपल्या शेजारीच लिहिलं गेलं. पनवेलहून पुढे कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या छोट्या शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची यंत्रं आली. मेरी लू जेप्सन यांनी आखलेली त्यांची स्क्रीन दोन तऱ्हांनी चालायची. घरात मागच्या दिव्यावर रंगीत दिसायची. उन्हात दिवा बंद केला तरी ऊन परावर्तित करून काळी-पांढरी अक्षरं लख्ख दाखवायची. जेप्सन यांनी पुढे काढलेल्या पिक्सेल क्यूआय कंपनीची अशीच स्क्रीन बंगळुरूच्या नोशन इंकने २०११ मध्ये ‘ॲडम’ टॅबलेटमध्ये बसवली. हा मार्ग पुढे खुंटला. बाजार चकचकीत रंगांमागे गेला, आणि उन्हावर इलाज म्हणून स्क्रीनचा दिवाच वाढवला जाऊ लागला. म्हणजे भर दुपारी, फोन आधीच तापलेला असताना, सगळ्यात जास्त वीज खर्च करायची.

आता येऊ घातलेल्या स्क्रीन मी याच नजरेने बघतो. मायक्रोएलईडीचा गाजावाजा मोठा आहे. त्यात प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र सूक्ष्म दिवा. साध्या फुल एचडी स्क्रीनसाठी असे ६२ लाखांहून जास्त दिवे अचूक जागी बसवावे लागतात, आणि अडचण तिथेच आहे. २०२५ मध्ये गार्मिनने असं एक घड्याळ आणलं, ४,५०० निट (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) उजेडाचं. पण त्याच घड्याळाच्या ओएलईडी (आजच्या बऱ्याच फोनांत असते ती स्क्रीन) आवृत्तीची बॅटरी कितीतरी जास्त टिकते. ई-पेपरचं उलट आहे. त्यातले काळे-पांढरे कण चित्र बदलतानाच वीज घेतात, ऊन जितकं कडक तितकं अक्षर ठसठशीत. रंगीत ई-पेपर आला आहे, पण रंगांची गाळणी प्रकाश खाते आणि रेखीवपणा निम्म्यावर आणते. व्हिडिओला तो संथच. तरीही तिकीट, पावती, पत्ता, नकाशा एवढ्या कामाला मी त्याच्याच बाजूने आहे.

बॅटरीत खरी हालचाल सिलिकॉनमुळे आहे. आजच्या बहुतेक बॅटऱ्यांत वीज साठवणाऱ्या ग्राफाइटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तास (एमएएच) मावतात, सिलिकॉनमध्ये तत्त्वतः त्याच्या नऊ-दहा पट. पण चार्ज होताना सिलिकॉन फुगून जवळपास तिप्पट-चौपट होतं आणि त्याला तडे जातात. म्हणून ते कार्बनमध्ये थोडं थोडं मिसळतात. २०२३ मध्ये ऑनरने अशी बॅटरी फोनमध्ये आणली, आणि दोन वर्षांत अशा बॅटरीचे ७,००० एमएएचचे फोन आपल्याकडच्या दुकानांत दिसू लागले. बारा तासांच्या पाळीवरच्या माणसाला पॉवर बँक घरी ठेवता आली तर तो केवढा दिलासा.

सेल उतरले की माहिती जाण्याची पामची ती खोड फ्लॅश मेमरीने घालवली. चुंबकीय मेमरी म्हणजे एमरॅम वीज गेली तरी माहिती धरून ठेवते आणि फ्लॅशपेक्षा कितीतरी झपाट्याने लिहिते, पण मोठ्या क्षमतेत अजून महाग आहे.

राहिला पाऊस. आजची काच बोटामुळे होणारा विद्युतक्षेत्रातला बदल ओळखते, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. २०११ च्या सरकारी ‘आकाश’ टॅबलेटची पहिली आवृत्ती दाबून चालायची. ती ओल्या बोटालाही ऐकणाऱ्या प्रकारची होती, पण एरवी कंटाळवाणी. आता काचेखालच्या तारांचं मोजमाप दोन वेगळ्या पद्धतींनी करून थेंब आणि बोट यांतला फरक ओळखला जातो. धो धो पावसात मात्र तेही गडबडतं. त्यामुळे कंडक्टरच्या यंत्रावर चार ठळक बटणं राहायलाच हवीत.

ही यंत्रं परिवहन सेवा, वीज कंपनी, महापालिका घाऊक विकत घेतात. त्यांच्या निविदेत रॅमच्या आकड्याआधी तीन अटी याव्यात. दुपारी एक वाजता मोकळ्या रस्त्यावर वाचता यावं, ओल्या हाताने चालावं, आणि एका चार्जवर पूर्ण पाळी निघावी. चाचणीसाठी लांब जायला नको, मे महिन्यात घोडबंदर रोड आणि जुलैत सॅटिस पुरेसा आहे.