पाळी थांबते, मग मेंदू का तापतो?

मागच्या चवथीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी माटोळी बांधून झालेली आणि आत स्वयंपाकघरात आम्ही चौघीजणी नेवऱ्या करायला बसलेलो. वहिनीनं पारी भरली, दुमडली आणि मध्येच तिचा हात थांबला. "अगो ते दे गो... ते... फिरतं ते, चाकाचं." कातणं तिच्या समोरच पडलं होतं, पिठाच्या ताटात. गेली पंचवीस वर्षं दर चवथीला ते तिच्याच हातात असतं, पण नाव काही येईना. तेवढ्यात तिचा गळा लाल झाला, मग गाल, मग कपाळावर घाम डवरला आणि पदर झटकत ती उठून मागच्या दारी तुळशीपाशी जाऊन उभी राहिली, बाहेर पाऊस असताना. पाच मिनिटांनी आत आली ती कुडकुडत.

रात्री भांडी आवरताना हळूच विचारते, "अगो, मला आयेसारखं होणार काय गो?"

तिच्या आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होता. शेवटची काही वर्षं लेकीलाही ओळखत नव्हती. वहिनी आता अठ्ठेचाळीसची, आणि ही धास्ती तिच्या डोक्यात पक्की बसवली ती फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या एका रीलनं, ज्यात मेनोपॉजनंतर बायकांचा मेंदू सुकतो असं सांगून खाली पावडरीचा डबा दाखवला होता. म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते, पण या विषयातली एक गोष्ट मला इतकी आवडते की ती सांगायला मला निमित्तच हवं होतं.

आधी साधं. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. भारतात हे साधारण ४६-४७ ला होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण खरी धांदल असते ती त्याच्या आधीच्या काही वर्षांत, जेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन कधी भरपूर तर कधी नाहीच असं वरखाली होत असतं. इस्ट्रोजेन म्हटलं की आपल्याला गर्भाशय आठवतं, पण त्याचे रिसेप्टर, म्हणजे पेशींमधल्या त्याचा निरोप पकडणाऱ्या जागा, मेंदूतही जागोजागी आहेत. मेंदू स्वतःसुद्धा थोडं इस्ट्रोजेन बनवतो, अगदी पुरुषांचासुद्धा. (साठीतल्या पुरुषाच्या रक्तात साठीतल्या बाईपेक्षा जास्त इस्ट्रोजेन असतं, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमचे गणिताचे सर दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी.)

आता माझी आवडती गोष्ट. वहिनीला आले त्याला आपण गरम वाफा म्हणतो, हॉट फ्लॅश म्हणतो, आणि आमच्याकडे सगळ्या जुन्या बायका "उष्णता झालीय, सोलकढी पी" म्हणतात. पण अंगात उष्णता वाढलेलीच नसते! ताप मोजला तर जवळपास नॉर्मलच निघतो. बिघाड आहे तो मोजणाऱ्यात.

घरावरच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप आठवा. पाणी खालच्या खुणेला आलं की पंप चालू, वरच्या खुणेला लागलं की बंद, आणि मधल्या पट्ट्यात पाणी कितीही हललं तरी पंप गप्प बसतो. शरीराचंही तसंच, एका खुणेला घाम सुटतो, दुसऱ्या खुणेला कुडकुडायला होतं, आणि मध्ये साधारण ०.४ अंश सेल्सिअसची मोकळी जागा असते. ज्या बायकांना गरम वाफा येतात त्यांच्यात हा पट्टा इतका अरुंद होतो की जवळजवळ उरतच नाही, हे अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी मोजून दाखवलं. दोन खुणा एकमेकींना चिकटल्या तर पंपाचं काय होईल? चालू-बंद, चालू-बंद. चहाचा एक घोट, तळणाची धग, एवढंही पुरतं. शरीर सगळी ताकद लावून उष्णता बाहेर फेकतं, त्वचेकडे रक्त सोडतं, घाम काढतं, मग गरजेपेक्षा जास्त थंड झाल्यावर कुडकुडतं. वहिनी तुळशीपाशी गेली आणि कुडकुडत आली, ते हेच.

पण पट्टा अरुंद करतं कोण? इथं जरा डोकं लावावं लागेल. १९७९ मध्ये असं दिसलं की गरम वाफ येते त्याच सुमाराला रक्तात एलएच या हॉर्मोनची उसळी येते. एलएच येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. म्हणजे चोर सापडला? नाही, कारण ज्या बायकांची पिट्युटरी ऑपरेशन करून काढून टाकली होती त्यांनाही वाफा येतच होत्या. म्हणजे एलएचला ढकलणारा जो कोणी वर बसलाय तोच वाफेलाही ढकलत असणार. वर म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये, पिट्युटरीला हुकूम देणाऱ्या मेंदूच्या छोट्या भागात. मग १९९० च्या सुमाराला नेओमी रान्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये एक विचित्र गोष्ट पाहिली, पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमसमधल्या एका छोट्या भागातल्या पेशी चक्क फुगलेल्या होत्या. म्हातारपणी पेशी सुकतात म्हणतात ना, इथं उलटंच, दांडग्या झालेल्या.

या पेशींना इंग्रजीत कँडी (KNDy) न्यूरॉन म्हणतात. त्या तीन रसायनं वापरतात, किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन, आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव जुळवलंय. त्यातलं किसपेप्टिन हे नाव तर खरंच चॉकलेटवरून आलंय, कारण त्याचं जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात सापडलं, जिथं ते प्रसिद्ध किसेस चॉकलेट बनतं. वहिनीला हे सांगितलं तर म्हणते, "नाव एवढं गोड आणि गुण हे असले?"

न्यूरोकायनिन बी या पेशींना हाकतं, डायनॉर्फिन ब्रेक लावतं, आणि किसपेप्टिन पुढे निरोप पाठवतं की जीएनआरएच हे हॉर्मोन सोडा, त्यावर पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोनं सोडते, त्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं, आणि ते इस्ट्रोजेन परत वर येऊन या पेशींना म्हणतं, बास, पुरे. मेनोपॉजमध्ये हे 'बास' म्हणणारंच कोणी उरत नाही. पेशी ओरडत राहतात, अंडाशय ऐकत नाही, म्हणून त्या आणखी ओरडतात (लॅब रिपोर्टात एफएसएच वाढलेलं दिसतं ते यामुळेच), आणि दुर्दैव असं की यांच्या तारा शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंतही गेलेल्या आहेत. निरोप अंडाशयासाठी, वैताग थर्मोस्टॅटला!

आणि याची परीक्षाही झाली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तरुण, पाळी चालू असलेल्या बायकांना न्यूरोकायनिन बी दिलं तर त्यांना वाफा आल्या. पुढे वॉलजित धिल्लो यांच्या तिथल्याच टीमनं २०१७ मध्ये दाखवलं की त्या रसायनाचा रिसेप्टर अडवला की वाफा कमी होतात. त्याच तत्त्वावरच्या फेझोलिनेटंट या गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्यात हॉर्मोन अजिबात नाही. गोळी जादूची नाही हं, लिव्हरला त्रास होऊ शकतो म्हणून पुढच्याच वर्षी तिच्यावर कडक वॉर्निंग आली.

इस्ट्रोजेन 'कमी' असणं एवढंच कारण नाही. आठ वर्षांच्या मुलीतही ते कमीच असतं, तिला कुठं वाफा येतात? ज्या मेंदूला त्याची सवय लागली आणि मग ते काढून घेतलं, त्याचा हा त्रास.

एवढं सगळं असताना शेजारच्या काकी म्हणाल्या की वहिनीवर कोणाची तरी नजर आहे, देवळात कौल लावून बघा. देवावर माझी श्रद्धा आहे, पण पाकळी उजवी पडली काय की डावी, हायपोथॅलॅमसला काय कळणार आहे त्यातलं? आणि काकी परवडल्या, कारण त्या फुकट सांगतात. रीलवाला त्याच अडाणीपणाचे डब्यामागे हजारो रुपये घेतो.

आता विसरण्याकडे येऊ. हे बायकांच्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत स्वान नावाचा मोठा अभ्यास वर्षानुवर्षं त्याच त्या बायकांना तपासत आलाय. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की माणूस सरावानं सुधारतो, पण मेनोपॉजच्या अगदी आधीच्या टप्प्यात ही सुधारणा दिसेना. आणि पाळी पूर्ण गेल्यावर? परत दिसायला लागली! ही बातमी रीलमध्ये नसते. न्यूयॉर्कच्या लिसा मॉस्कोनी यांच्या पीईटी (PET) स्कॅनमध्येही या काळात मेंदूचा ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसतो, पण 'मेंदू सुकला' आणि 'मेंदू इंधनाची नवी घडी बसवतोय' यात फरक आहे. त्यात रात्री तीनदा घामानं जाग येत असेल तर दुसऱ्या दिवशी कोणाला शब्द आठवतील?

आमच्या वहिनीला कातण्याचं नाव आठवलं नाही, पण ते हातात दिल्यावर तिनं नेवरीची कड सरसर कापली. तिच्या आईनं एकदा तेच कातणं हातात घेऊन विचारलं होतं, हे कशाला असतं. मी वहिनीला हेच सांगितलं, की या दोन विसरण्यांत फरक आहे.

मग डिमेन्शियाचा धोका अजिबात नाही का? तसंही नाही. भारतात ६० च्या वरच्या माणसांत सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा असा लासी-डॅड या पाहणीचा अंदाज आहे, बायकांत ९, पुरुषांत ५.८. यात इस्ट्रोजेनचा वाटा असेलही, पण आपल्या आज्यांना शाळेत कोणी पाठवलं होतं? कमी शिक्षण हे डिमेन्शियाच्या धोक्याचं मोठं कारण आहे. वहिनीच्या आईची शाळा मराठी तिसरीत सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशननं टाळता किंवा कमी करता येणारी चौदा कारणं दिली, त्यात शिक्षण, बहिरेपणा, बीपी, डायबिटीस, कोलेस्टेरॉल, एकटेपणा, दारू वगैरे आहेत. मेनोपॉज त्या यादीत नाही. मात्र पाळी गेल्यावर कोलेस्टेरॉल वाढतं आणि बीपीही चढायला लागतं, म्हणजे मागच्या दारानं संबंध येतोच. पिट्सबर्गच्या रिबेका थर्स्टन यांना झोपेत जास्त वाफा येणाऱ्या बायकांच्या स्कॅनमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या नुकसानीचे पांढरे ठिपके जास्त दिसले. वाफांमुळे ठिपके की दोन्हींमागे तिसरंच काही, हे त्यावरून ठरत नाही.

कमी वयात दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र गोष्ट गंभीर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात अशा बायकांत पुढे स्मृतीचे आजार जास्त आढळले. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आपण वाचल्या, तेव्हा सगळी चर्चा पिशवीचीच झाली. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते पण अंडाशय काम करत राहतं, अंडाशयं काढली तर मेनोपॉज एका रात्रीत. ऑपरेशनच्या कागदावर नक्की काय काढलं ते लिहिलेलं असतं, ते वाचा, नाही कळलं तर विचारा.

राहिलं हॉर्मोनचं औषध. २००२ मध्ये त्यावरचा अमेरिकेतला मोठा प्रयोग धोके दिसल्यामुळे मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी घाबरून गोळ्या टाकून दिल्या. २००३ मध्ये त्यातल्याच एका भागातून आलं की डिमेन्शियाचा धोका दुप्पट, म्हणजे वर्षाला दहा हजारांत २२ ऐवजी ४५. पण त्या बायका होत्या ६५ च्या पुढच्या, पन्नाशीतल्या नव्हेत. आता लंबक उलटा गेलाय. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, या औषधांवरच्या काळ्या चौकटीतल्या बऱ्याचशा वॉर्निंग काढायचं जाहीर केलं आणि लगेच 'हॉर्मोन घ्या, अल्झायमर्स टाळा' सुरू झालं. वाफांनी जीव नकोसा झाला असेल तर योग्य वयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध उत्तम काम करतं, पण लवकर सुरू केलेल्यांवरच्या नीट प्रयोगांत स्मरणशक्तीला ना फायदा दिसला ना तोटा.

आपल्या गोव्याचंही या विषयात नाव आहे बरं का. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी इथल्या ८१ कुटुंबांत प्रयोग केला होता, २००८ मध्ये छापून आला. गावातल्याच प्रशिक्षित बायका-माणसं घरी जाऊन डिमेन्शियाच्या रुग्णाचं कसं करायचं ते सांगायची, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण खरंच कमी झाला. सांभाळणाऱ्या म्हणजे कोण, बहुतेक बायका, सुना आणि लेकी. वहिनीनं आईचं सगळं काढलं तेव्हा तिची स्वतःची पाळी मागेपुढे व्हायला लागलेली, झोप नाही, आणि कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग आम्ही गेलो डॉक्टरकडे. पहिल्या ठिकाणी "या वयात होतंच" एवढं ऐकून परत आलो. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी निदान बीपी बघितलं, १५०-९६ निघालं, चार दिवसांनी परत बघितलं तरी तेच, गोळी चालू झाली. वाफांसाठी काय करायचं ते वहिनी अजून ठरवतेय, तोवर संध्याकाळी खाडीच्या रस्त्यानं चालायला जाते. यंदाच्या चवथीला तिनं तळणाच्या जागेशेजारी टेबलफॅन लावायचं ठरवलंय, आणि गॅस विझतो म्हणून दादाची आत्तापासूनच कुरकुर चाललीय.