मैदानावरच्या जाळीसाठी पैसे: देणगी द्यावी की स्पॉन्सरशिप?

बेसबॉलचा मोसम जवळ आला की अमेरिकेतल्या लिटिल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगच्या, पालकांना पैशांसाठी ईमेल येऊ लागतात. मैदानाच्या कडेला, पहिल्या बेसच्या बाजूला ब्लीचर्सवर (पायऱ्यांच्या बाकांवर) आई-वडील बसतात, त्यांच्यापुढे संरक्षक जाळी उभारायची आहे, हातभार लावा. खाली दोन बटणं असतात, ‘डोनेट’ आणि ‘बिकम अ स्पॉन्सर’. आपली मराठी मंडळी अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. कोणी पगारातून दोनशे डॉलर देतं, कोणाचा दातांचा दवाखाना किंवा किराणा दुकान असतं ते हजार देतात. पैसे शेवटी लीगच्याच खात्यात जाणार, मग कुठलंही बटण दाबलं तरी काय बिघडतं, असं बहुतेकांना वाटतं.

बिघडतं, आणि कधीकधी चांगलंच. फरक आपल्याला नवा नाही. गणेशोत्सव मंडळाला वर्गणी दिली की हाती पावती येते, स्मरणिकेत अर्धं पान घेतलं की पान येतं. देणगी म्हणजे पहिला प्रकार: दिलं आणि बदल्यात काही घेतलं नाही. स्पॉन्सरशिप हा दुसरा: दिलं आणि नाव लोकांपुढे आलं. करखातं, तुमची कंपनी आणि मैदानाचं मालक असलेलं शहर, तिघंही या दोहोंकडे वेगवेगळ्या नजरेनं पाहतात.

पण मुळात जाळीसाठी पालकांकडे हात का पसरावा लागतो, हे आधी पाहू. मोठ्या मैदानांवर हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत बराच सुटला. व्यावसायिक बेसबॉलच्या मेजर लीगने डिसेंबर २०१५ मध्ये संघांना डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) अलीकडच्या टोकापर्यंत जाळी लावायची शिफारस केली. ती शिफारसच होती. सप्टेंबर २०१७ मध्ये यांकी स्टेडियमवर ताशी १०५ मैलांच्या आसपास वेगाने आलेला चेंडू एका लहान मुलीच्या तोंडावर बसला, आणि २०१८ चा मोसम सुरू होईपर्यंत तिसांच्या तीस मैदानांवर जाळी डगआउटच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर जाळीच्या वरून आलेला फाऊल बॉल (रेषेबाहेर गेलेला चेंडू) डोक्याला लागून ७९ वर्षांच्या एका बाईंचा मृत्यू झाला. मे २०१९ मध्ये ह्यूस्टनला दोन वर्षांच्या मुलीला चेंडू लागला, आणि त्या वर्षअखेरीस जाळ्या आणखी पुढे नेण्याचं ठरलं. दर वेळी आधी कोणीतरी जखमी झालं आणि मग जाळी आली.

गावातल्या मैदानावर असा हुकूम काढणारं कोणी नाही. लीग स्वयंसेवकांची, मैदान बहुधा शहराच्या पार्क्स विभागाचं किंवा शाळेचं. कायदाही फारसा रेटा लावत नाही. १९१३ मध्ये मिसूरीतल्या एका खटल्यापासून अमेरिकी न्यायालयांनी एक भूमिका धरली: मैदानाच्या मालकाने धोक्याच्या भागातल्या पुरेशा जागा जाळीआड ठेवल्या की त्याचं कर्तव्य संपलं, बाकीची जोखीम प्रेक्षकाने स्वतःहून पत्करलेली. गावातल्या छोट्या मैदानांशी सगळ्यात जवळचा निकाल न्यूयॉर्कचा, १९८१ चा. ग्लेन्स फॉल्सच्या हायस्कूलच्या मैदानावर बॅट्समन उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे २४ फूट उंच आणि ५० फूट रुंद बॅकस्टॉप, म्हणजे जाळीची भिंत, होती. एक बाई सामना सुरू झाल्यावर आल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेलगतच्या तीन फुटी कुंपणामागे उभ्या राहिल्या. चेंडू डोळ्याला लागला, इजा कायमची झाली. ज्यूरीने शाळेला अंशतः दोषी धरलं, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. होम प्लेटमागचा भाग झाकला होता, तेवढं पुरे.

कायद्याच्या दृष्टीने पुरे असेल. आपल्या मैदानावर जाऊन बघा, बाजूला कोण बसलेलं असतं. धाकट्या भावंडाला स्ट्रोलरमध्ये घेऊन बसलेली आई, भारतातून सुट्टीला आलेले आजी-आजोबा, फोनवर ऑफिसचं काम उरकणारा बाप. लिटिल लीगचा चेंडू पाच औंसांहून थोडा जड, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर. ताशी ६० मैलांनी सुटलेला चेंडू सेकंदाला ८८ फूट जातो. बॅटपासून ६० फुटांवर बसलेल्या माणसाला डोकं वर करून, चेंडू ओळखून, बाजूला व्हायला पाऊण सेकंदही मिळत नाही. क्रिकेट पाहत वाढलेल्या आजोबांना तर चेंडू इतक्या जवळ, तिरका आणि जोरात येईल याची कल्पनाच नसते. बाजूची जाळी कायद्याने सक्तीची नाही, म्हणून ती बजेटात नसते, आणि म्हणून ती तुमच्या-आमच्या पैशांवर उभी राहते.

आता देणगीकडे. लीगला ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा असेल तर तिला दिलेली देणगी करातून वजा होते, पण बदल्यात काही मिळालं नसेल तेवढीच. पॅनकेक ब्रेकफास्टचं तिकीट १०० डॉलरचं आणि जेवणाची किंमत ३० असेल, तर देणगी ७० डॉलरची. अशी मिश्र रक्कम ७५ डॉलरच्या वर गेली की जेवणाची किंमत लेखी कळवणं लीगवर बंधनकारक आहे. २५० डॉलर किंवा जास्त देणगी असेल तर लीगचं लेखी पत्र हवंच, बँकेचं स्टेटमेंट चालत नाही. रॅफलचं (सोडतीचं) तिकीट देणगी नाही. मुलाची नोंदणी फी देणगी नाही, मग फॉर्मवर काहीही छापलेलं असो.

एक गोष्ट जाळीच्या कामात नेहमी अडते. पालकांपैकी कोणी कॉन्ट्रॅक्टर असतो, तो म्हणतो, खांब मी उभारतो, मजुरी माझी देणगी समजा. माणूस मनाने मोठा आहे, पण स्वतःच्या श्रमाची किंमत करातून वजा होत नाही. त्याने विकत आणलेलं काँक्रीट आणि केबल होतात, मैदानावर ये-जा करण्याचे मैलामागे १४ सेंट होतात. हे त्याला आधी सांगावं, एप्रिलमध्ये रिटर्न भरताना त्याच्या सी.पी.ए.कडून (कर सल्लागाराकडून) कळू नये.

आजोबांच्या स्मरणार्थ छोटी पाटी लावली तर? ती चालते. नावाचा साधा उल्लेख हा मोबदला धरला जात नाही, देणगी देणगीच राहते.

नोकरदारांसाठी देणगीची खरी ताकद वेगळीच आहे. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. दोनशेचे चारशे होतात. पण बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बदल्यात फायदा मिळणारी रक्कम बसत नाही, त्यामुळे तेच दोनशे डॉलर ‘स्पॉन्सर’ बटणावरून गेले तर कंपनीची ही जोड रक्कम (‘मॅच’) हातची जाते. डोनर-ॲडव्हाइज्ड फंडाचंही (देणगीसाठी आधीच पैसे बाजूला ठेवायच्या खात्याचंही) तसंच: त्यातून देणगी देता येते, बॅनर विकत घेता येत नाही. मात्र वर्षापेक्षा जास्त जुने, भाव वाढलेले शेअर्स या फंडात टाकून तिथून लीगला पैसे पाठवता येतात, वाढीव भावावर कॅपिटल गेन्सचा कर लागत नाही. छोट्या लीगकडे शेअर्स घ्यायला ब्रोकरेज खातं नसतं, तिथे हा मार्ग फार सोयीचा पडतो. आणि जे स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेतात त्यांना २०२६ पासून रोख देणगीचे १,००० डॉलरपर्यंत, पती-पत्नींनी एकत्र रिटर्न भरलं तर २,००० डॉलरपर्यंत वजा करता येतात. म्हणजे ‘आपल्याला काय उपयोग’ ही सबब आता तितकी खरी राहिली नाही.

स्पॉन्सरशिपचं गणित धंदेवाल्याच्या बाजूने पाहावं. तिचा खर्च जाहिरातीसारखा, धंद्याचा खर्च म्हणून जातो. दुकान एल.एल.सी. असेल तर देणगी सहसा मालकाच्या वैयक्तिक रिटर्नवर जाते, तिथल्या सगळ्या मर्यादांसकट. स्पॉन्सरशिप मात्र दुकानाच्याच हिशेबात वजा होते. सी-कॉर्प (स्वतःचा वेगळा कर भरणारी कंपनी) असेल तर २०२६ पासून करपात्र उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या वरची देणगीच वजा होते, म्हणजे छोट्या रकमेच्या देणगीचा हिशेबात काहीच फायदा दिसत नाही. अशा धंद्याने मोकळ्या मनाने स्पॉन्सर व्हावं. त्यात कमीपणा अजिबात नाही. फक्त एकाच रकमेची जाहिरात खर्चातही नोंद आणि देणगीतही नोंद, असं होता कामा नये.

लीगच्या बाजूला पाहायचं ते बॅनरवरच्या मजकुराकडे. करकायद्यात १९९७ पासून एक स्पष्ट रेघ आहे. स्पॉन्सरचं नाव, लोगो, पत्ता, फोन, तो काय विकतो याचं साधं वर्णन, हा आभाराचा उल्लेख झाला आणि ती रक्कम लीगला करमुक्त. पण ‘शहरातली सगळ्यात ताजी भाजी’ लिहिलं की तुलना आली. ‘या बॅनरचा फोटो दाखवा, १० टक्के सूट मिळवा’ लिहिलं की आमिष आलं. किंमत लिहिली तरी तेच. ती जाहिरात ठरते, आणि तेवढ्या भागापुरतं ते लीगचं मूळ कामाशी संबंध नसलेलं उत्पन्न ठरू शकतं. असं एकूण उत्पन्न वर्षाला १,००० डॉलरला पोचलं की वेगळं रिटर्न भरावं लागतं. जवळजवळ सगळं काम बिनपगारी स्वयंसेवक करत असतील तर सूट आहे, आणि बहुतेक लीग त्यात बसतात. तरीही माझं मत असं की बॅनर साधा ठेवावा. मैदानावर मुलांची नावं पुकारली जातात, तिथे कूपन शोभत नाही.

‘लीगमध्ये फक्त आमचंच पेय विकायचं’ अशी अट घालणारा स्पॉन्सर आला तर थांबावं. तो ठोस मोबदला ठरतो, आणि तेवढ्या रकमेला आभाराची सवलत लागू होत नाही.

मग जाळीसाठी यातलं काय घ्यावं? माझं ठाम मत: खांब आणि पहिली जाळी देणगीतून, देखभाल स्पॉन्सरशिपमधून. जाळीपेक्षा मोठा खर्च खांबांचा आणि त्यांच्या पायाचा असतो. वाऱ्याचा दाब सोसायला ते खोल काँक्रीटमध्ये रोवावे लागतात, अभियंत्याचा नकाशा लागतो, शहराचा परवाना लागतो. हा खर्च एकदाच होतो, मोठा असतो, आणि त्याला कंपनीची जोड मिळणारी देणगी सगळ्यात चांगली लागू पडते. उलट जाळी दर वर्षी तपासावी लागते. नायलॉन उन्हाने कमजोर होतो, केबल सैल पडतात, खालच्या कडेला फट पडली की घरंगळणारा चेंडू तिथूनच आत येतो. स्पॉन्सर दर मोसमाला नव्याने येतात, ते पैसे या कामाला अगदी योग्य.

देणगी मागताना पत्रकात ‘जाळीसाठी’ लिहिलं की ते पैसे जाळीसाठीच राखीव झाले. रक्कम अर्धीच जमली तर तो पैसा युनिफॉर्मकडे वळवता येत नाही, देणाऱ्यांना विचारावं लागतं. म्हणून पहिल्याच पत्रकात लिहावं: पुरेसे पैसे न जमल्यास ही रक्कम याच मैदानावरच्या प्रेक्षकांच्या इतर सुरक्षा कामांसाठी वापरली जाईल.

दुसरी अडचण मालकीची. शहराच्या जमिनीत रोवलेला खांब बहुधा शहराचा होतो. देणगी लीगला मिळाली तरी वस्तू शहराला जाते, आणि ती स्वीकारायचा ठराव काही ठिकाणी सिटी कौन्सिलमध्ये लागतो. तो करार करतानाच दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्यावीत: जाळी फाटली तर बदलायची कोणी, आणि तिची तपासणी कोण, कधी करणार. हे लेखी नसलं तर पाच-सहा वर्षांनी लीगच्या बोर्डावरची माणसं बदललेली असतात, पार्क्स विभागातला अधिकारी बदललेला असतो, आणि फाटक्या जाळीमागे लोक निर्धास्त बसलेले असतात. जाळी नसलेल्या ठिकाणी निदान नजर चेंडूवर असते.

आणि स्पॉन्सरचा बॅनर जाळीवर टांगू नये. पैसे देणाऱ्याला तीच जागा हवी असते, कारण सगळ्यांच्या नजरा तिकडे असतात. पण जाळीतून वारा आरपार जातो, बॅनरमधून जात नाही. खांबांचं गणित मोकळ्या जाळीचं केलेलं असतं. त्यावर सहा-आठ बॅनर चढवले की एखाद्या वादळी रात्री खांब कलतात, केबल ताणतात. शिवाय चेंडू लागला की जाळी मागे फुगते, म्हणून ती आणि ब्लीचर्समध्ये मोकळी जागा ठेवतात. ताणून बांधलेला बॅनर तो फुगवटाच अडवतो. बॅनर आउटफिल्डच्या कुंपणावर लावावेत, तोंड आत मैदानाकडे करून, शहराची परवानगी घेऊन, आणि मोसम संपला की उतरवून ठेवावेत. कुंपणालाही वारा लागतोच, म्हणून हिवाळ्यात ते तिथे राहू देऊ नयेत. ही अट स्पॉन्सरच्या फॉर्मवरच छापावी, म्हणजे एखाद्या मोठ्या दात्याला नंतर नाही म्हणायची वेळ खजिनदारावर येत नाही.