तानपुरा ‘बंद’ वाटतोय? जवारीला देण्याआधी एवढं पाहा

पावसाळा लागला की तानपुरा मुका होतो आणि दोष जवारीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याच्या घासणीवर जातो. पुष्कळदा नुसतं सूत, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला दोरा, सरकलेलं असतं, त्याचा खर्च शून्य.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण गळ्याकडच्या कडेला किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, त्यातूनच झंकार निघतो. तार नेमकी कुठे टेकणार हे सूत ठरवतं. तार सुरात लावा, सूत चिमटीत धरून थोडं थोडं सरकवा, दर वेळी तार छेडा. एका बाजूला आवाज मुका, दुसऱ्या बाजूला पातळ आणि किरकिरा; मधल्या केसभर जागेत तो उघडतो. सूत साधं सुतीच घ्या, नायलॉन घसरतं. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, पितळी तार जाड, तिला दुपदरी सूत लागू शकतं. सूत हललं की सूरही हलतो, तो घोडीमागे तारेत ओवलेल्या मण्याने जुळवा.

कुठेच आवाज उघडला नाही, तर तार बाजूला सारून माथ्यावरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे तारेने खाच पाडली आहे. मग जवारी हवीच. चारांपैकी एकच तार मुकी असेल तर आधी ती तार बदला. समुद्राजवळच्या घरात पोलादी तार लवकर गंजते. बदलताना एका वेळी एकच, कारण पुष्कळ तानपुऱ्यांत घोडी फक्त तारांच्या दाबावर उभी असते. चारही उतरवल्या की ती जागा सोडते.

जवारीत आम्ही माथा चपट्या कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासतो. प्रत्येक तारेखालचा भाग वेगळा. तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. घासलेलं परत भरून येत नाही, म्हणून ‘दरवर्षी एकदा’ असा नेम कृपया ठेवू नका. वाद्य देताना आपला सूर सांगा. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीवर उघडलेली जवारी पांढरी पाचला तशीच बोलेल असं नाही. पहिली तार पंचमात की मध्यमात, तेही सांगा.

खुंट्या जुलैत फुगून अडकतात, एसीच्या खोलीत सुकून सुटतात. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नका, तेल तर मुळीच नको. सुटणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावा आणि फिरवताना आत दाबा. वाद्याला कापडी गवसणी घाला, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

लोकलने आणायचं तर दुपारी, गर्दी नसताना, भोपळा स्वतःच्या मांडीवर. भोपळा फुटलाच तर सगळे तुकडे, अगदी नखाएवढेसुद्धा, पिशवीत भरून आणा. झटपट चिकटणारा गोंद लावून आणू नका. तो खरवडून काढण्यात मूळच्या कडा जातात आणि जोड दिसत राहतो.