कातडे सोलण्याची सुरी

हरीण, एल्क, मूस, रानडुक्कर, अस्वल अशा शिकारीतल्या मोठ्या जनावराचे कातडे धडापासून अखंड उतरवण्यासाठी वापरली जाणारी आखूड, गोलाईदार पात्याची सुरी. मांसाचे तुकडे करण्याच्या किंवा हाडे सुटी करण्याच्या सुरीहून तिचे काम वेगळे आहे. कातडे आणि मांस यांच्यामधला पांढुरका पापुद्रा तेवढा कापायचा आणि दोन्हींपैकी कशालाही चीर पडू द्यायची नाही.

सोलणारा एका हाताने कातडे ताणून धरतो, तेव्हा मधला पापुद्रा कोळिष्टकासारखा ताणला जातो. त्यावर धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तो सुटतो. कातडे कमावायचे असेल तर धार किंचित मांसाकडे कलती ठेवतात, मांस जपायचे असेल तर कातड्याकडे. जनावर ऊबदार असेपर्यंत बरेचसे कातडे मुठीने ढकलूनच निघते. अडेल तिथेच सुरी लागते. आतून पडलेली बारीक चीर ओल्या कातड्यावर नजरेला येत नाही, पण कमावताना ताण बसला की तिथेच भोक पडते. म्हणून सुरी निवडताना ती किती खोल कापते यापेक्षा हाताच्या किती आज्ञेत राहते, हे आधी पाहावे.

पात्याच्या धारेकडच्या फुगीर गोलाईला पोट म्हणतात. सोलण्याच्या सुरीत महत्त्व या पोटाला. मनगटाच्या एका लयदार हालचालीत लांब घाव बसतो आणि टोक कातड्यात रुतत नाही. पात्याची पाठ टोकाकडे उतरती असेल तर टोक हाताच्या काबूत राहते; जनावराचे पोट फाडताना आतडे किंवा मूत्राशय फुटण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. हा उतरता आकार आधुनिक शिकारी सुरीत रूढ करण्याचे बरेचसे श्रेय अमेरिकी कारागीर बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) यांना दिले जाते. टोक वर वळलेले असेल तर पोट मोठे मिळते. निव्वळ सोलण्यासाठी ते उत्तम, मात्र कोथळा काढताना तेच टोक जपावे लागते. एकच सुरी घ्यायची असेल, तर उतरत्या टोकाची पण भरपूर पोट असलेली घ्यावी. काही पात्यांच्या पाठीवर जनावराचे पोट उघडण्यासाठी धारदार आकडा असतो. तो कामाचा आहे, पण त्याला धार लावणे कटकटीचे, आणि केस व चरबी त्यात अडकून बसतात.

लांबीबाबत नवख्यांची हमखास चूक होते: जनावर मोठे म्हणून ते सुरीही मोठी घेतात. प्रत्यक्षात ८ ते ११ सेंमी पाते मूससारख्या प्रचंड जनावरालाही पुरते. पाते लांब झाले की टोक हातापासून दूर जाते आणि पायांभोवती किंवा डोक्याजवळ सुरी वळवणे जिकिरीचे होते.

धार मरते ती मुख्यतः केसांमुळे. केसांत माती आणि वाळूचे कण असतात, म्हणून कातडे नेहमी आतून बाहेर चिरतात. बाहेरून केसांवर पाते चालवले तर चांगले पोलादही लवकर बोथट होते. साधे कार्बन पोलाद दगडावर पटकन धार घेते, पण रक्ताने लगेच गंजते. सुमारे १२–१३ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलेले स्टेनलेस पोलाद गंजाला बरेच तोंड देते. व्हॅनेडियमयुक्त पोलादे झिजायला चिवट असतात. मात्र धार गेली तर रानात साध्या दगडावर ती परत आणताना घाम फुटतो. पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून थंड करून ते कसे कडक केले आहे, हे महत्त्वाचे. रॉकवेल सी मापावर ५७ ते ६१ कठिनता बहुतेकांना मानवते. त्याहून मऊ पात्याची धार लवकर बोथट होते, फार कडक पात्याच्या धारेचे हाडावर आपटून टवके उडतात. धारेचा कोन दर बाजूला १५ ते २० अंश ठेवतात.

मुठीची परीक्षा कोरड्या हाताने होत नाही. हात रक्ताने आणि चरबीने माखलेले असतात, थंडीत बोटे बधिर झालेली असतात. त्यामुळे मूठ तळहात भरेल इतकी जाड, पकडीला खरखरीत आणि बोटे धारेवर घसरू न देणारी हवी. गुळगुळीत शिंग दिसायला देखणे, पण ओल्या हातात निसटते. रबर किंवा राळेत दाबलेल्या कापडाची मूठ अधिक विश्वासाची. मूठ भडक नारिंगी असेल तर पाचोळ्यात ठेवलेली सुरी शोधावी लागत नाही.

घडीची सुरी खिशात मावते, पण तिच्या सांध्यात रक्त आणि चरबी शिरते; ती नीट धुणे कठीण. बदलत्या पात्यांच्या सुऱ्या कमालीच्या धारदार असतात, परंतु ती पाती पातळ. जनावराच्या हाडांच्या सांध्यात घालून पिळली की तुटतात आणि तुकडा मांसात राहू शकतो. मुठीपर्यंत अखंड पोलाद गेलेली स्थिर सुरी या कामाला सर्वात भरवशाची.

अवजार म्हणून ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी छिलक्यांपासून जनावरे कापण्याची परंपरा सुरू होते. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट स्त्रियांची अर्धचंद्राकार सुरी ‘उलू’ म्हणजे जणू निव्वळ पोटच; मूठ धारेच्या बरोबर वर असल्याने सगळा जोर धारेवर येतो.

काम संपल्यावर सुरी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करावी. कातडी म्यानात ती कायमची ठेवू नये. म्यानातला ओलावा आणि कमावण्याची रसायने पात्यावर डाग पाडतात.