सम सापडली नाही तरी अंग ऐकतंच

कोल्हापुरात देवल क्लबात मैफल रंगली की श्रोत्यांकडे बघा, गवई समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आधीच माना आणि हात तयारीत असतात, आणि सम आली की सगळ्यांकडून एकदम दाद. कुणी शिकवत नाही, कान आपापलं पुढचं मोजत असतो. आता याच लोकांना आजकालचं पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आणि पाइप ऑर्गनचं (नळ्यांत हवा सोडून वाजणारं भलंमोठं वाद्य) काहीतरी ऐकवा, उदाहरणार्थ फिनलंडच्या काया सारियाहो यांनी २०१३ मध्ये ऑर्गन आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली 'मान वार्योत' ही रचना. निम्मे जण म्हणतील, काय कळलं नाही ब्वा. आणि ते खरंच बोलतायत.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि त्यातलं काही तर ती आवडती जागा यायच्या आधीच, नुसती वाट बघताना. म्हणजे सम येणार येणार यातच निम्मी मजा. जिथं पुढं काय येणार याचा अंदाजच बांधता येत नाही तिथं ही मजा मिळणार कुठून?

पण सगळं काही अंदाजाचं नाही, थोडं कानाचं यंत्रही आहे. राजारामपुरीत एका मित्राकडं चांगले स्पीकर आणि दणदणीत सबवूफर आहे, तिथं आम्ही लिगेती या हंगेरियन संगीतकाराचं 'व्होल्युमिना' लावलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची ही ऑर्गनची रचना, हिच्यात वाजवणारा बोटांऐवजी अख्खे हात कोपरापर्यंत पट्ट्यांवर टाकतो आणि शेजारशेजारचे ढीगभर सूर एकदम वाजतात. संगीत नाटकांना आयुष्यभर पायपेटीची (पायानं भाता मारायच्या हार्मोनियमची) साथ केलेले एक काका बसले होते, ते पहिल्याच मिनिटात म्हणाले, "अरं, भाता फुटलाय का काय ह्याचा?"

काकांना जे बोचलं ते मोजता येतं. तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की आवाजात लहर येते, एक तार ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं) आणि दुसरी ४४२ असली तर सेकंदाला दोन लहरी. तारा जुळत आल्या की लहर मंदावते आणि मग जाते. पण फरक अर्ध्या सुराचा झाला, म्हणजे ४४० आणि ४६६, की सेकंदाला २६ लहरी होतात, त्या वेगवेगळ्या मोजता येत नाहीत आणि आवाज खरखरीत लागतो. कानाच्या आतल्या पडद्यावर दोन्ही सुरांच्या जागा इतक्या जवळ येतात की त्या एकमेकींत मिसळतात. २०१६ मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा एक अभ्यास आला, त्यांचा पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध नाही. आपल्याला बेसूर वाटणारे स्वरमेळ त्यांना अजिबात खटकले नाहीत, खरखर मात्र त्यांनाही नकोशी वाटली. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण सवयीचं काय आणि कानाचं काय हे त्यात वेगळं होऊन समोर येतं.

काकांनी तेच परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं आणि मधेच बोट वर करून म्हणाले, "हितनं बघ, आता मधले सूर एकेक गळायला लागलेत." सम नव्हती, पण धरायला काहीतरी सापडलं होतं.

आता खर्जाचं. पायपेटीत सूर पितळी पत्तीचा, पाइप ऑर्गनमध्ये हवेच्या उभ्या नळीचा, आणि नळी जितकी लांब तितका सूर खाली. ३२ फुटी उघड्या नळीचा सूर साधारण १६ हर्ट्झ, माणसाची ऐकण्याची हद्द २० च्या आसपास, त्यामुळं हा सूर कानापेक्षा छातीला आणि बाकाला जास्त कळतो. (मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको.) कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्झचे खास स्पीकर अडीच अडीच मिनिटांनी चालू-बंद केले, चालू असताना लोक जवळपास १२ टक्के जास्त हलले, आणि नंतरच्या वेगळ्या चाचणीत हे खालचे सूर आहेत की नाहीत हे लोकांना ओळखताच आलं नाही. हा अभ्यास २०२२ चा. फोनवर ऑर्गन ऐकून 'बोअर आहे' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की तो छोटा स्पीकर हा खर्ज देऊच शकत नाही, वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर अंदाजानं भरून काढतो, डग्गा फोनवरही ओळखू येतो तो त्यामुळंच. पण छातीत काही होत नाही.

आणि तिकडच्या हॉलमधे मधेच वाहवा नाही, सगळे चिडीचूप, म्हणून आपल्याला वाटतं की लोक कोरडे आहेत. बर्लिनमध्ये संशोधकांनी १३२ श्रोत्यांना सेन्सर लावून तंतुवाद्यांच्या मैफली ऐकवल्या, त्यात बेथोव्हेन आणि ब्राम्ससोबत ब्रेट डीन या हयात संगीतकाराची रचनाही होती. २०२३ मध्ये निकाल छापून आला, गप्प बसलेल्या या माणसांच्या हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग आणि त्वचेवरचा घाम एकमेकांशी मिळून वरखाली होत होते. नवं काही करून बघायची आवड असणाऱ्यांमध्ये हा मेळ जास्त दिसला.