मुक्काम हृदयात, वाट कल्ल्यांतून

माशाच्या हृदयात फक्त अशुद्ध रक्त असतं. शरीरभरातून आलेलं रक्त त्याच्या एकेका कप्प्यातून पुढे जातं: आधी शिराकोटरात, मग अलिंदात, तिथून निलयात आणि शेवटी फुगीर धमनीकंदात जातं. पुढचा टप्पा थेट कल्ले. प्राणवायू घेतलेलं रक्त कल्ल्यांतून परस्पर शरीरात जातं, हृदयाकडे लगेच परत येत नाही. अपोरोकोटिलिडी कुळातल्या चपट्या रक्तकृमींचं सगळं आयुष्य या रचनेवर बेतलेलं आहे.

आतड्यातल्या कृमीची अंडी विष्ठेबरोबर आपोआप बाहेर पडतात. रक्तवाहिन्यांत राहणाऱ्याला अशी सोय नसते, कारण त्या सगळीकडून बंद असतात. पण हृदयात सोडलेलं अंडं प्रवाहाबरोबर काही क्षणांत कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतं, आणि माशाच्या शरीरात रक्त व पाणी यांच्यामधला सर्वांत पातळ पडदा तिथेच असतो. अंड्यातली अळी तिथेच वाढते, कवच सोडते आणि पडदा फोडून पाण्यात उतरते. सगळ्या जाती हृदयातच राहतात असं नाही. काही कल्ल्यांकडे जाणाऱ्या धमन्यांत असतात, काही इतर वाहिन्यांत. बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग मात्र कल्ल्यांचाच.

प्रौढ कृमी काही मिलिमीटर लांब, भाल्याच्या पात्याच्या आकाराचा आणि जवळपास पारदर्शक असतो. याच गटातल्या इतर चपट्या परजीवींना, म्हणजे पर्णकृमींना, चिकटून राहायला ठळक चूषक असतात. इथे ते बहुतेक नसतातच, त्याऐवजी शरीराच्या दोन्ही कडांना सूक्ष्म काट्यांच्या रांगा असतात. नर आणि मादी एकाच देहात. माणसाला होणाऱ्या शिस्टोसोमा या रक्तकृमीशी यांचं जवळचं नातं आहे, पण त्यात नर-मादी वेगळे असतात. शिस्टोसोमाचं नाव निघालं की आफ्रिका आठवते. प्रत्यक्षात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही या रोगाचं केंद्र सापडलं होतं. त्याची नोंद १९५२ साली प्रसिद्ध झाली.

कल्ल्यांतून बाहेर पडलेल्या अळीला आता दुसरा यजमान, म्हणजे ज्याच्या अंगात वाढायचं असा प्राणी, लागतो. गोड्या पाण्यातल्या जातींना गोगलगाय चालते. समुद्रातल्या ज्या जातींचं जीवनचक्र उलगडलं आहे, त्यांतल्या बऱ्याच जातींना टेरेबेलिड गटातले वलयी कृमी लागतात. हे चिखलात किंवा दगड-शिंपल्यांच्या फटीत नळी बांधून राहतात आणि शेवयांसारख्या लांब शुंडकांनी अन्नकण गोळा करतात. त्यांच्या देहगुहेत परजीवीच्या पिशव्या तयार होतात आणि त्यांतून शेपटीवाल्या अळ्या पाण्यात सुटतात. ही अळी कोणाच्या अन्नातून जात नाही, वाटेत कुठे कोषही करत नाही. मासा सापडला की त्याच्या त्वचेतून किंवा कल्ल्यांतून थेट आत शिरते आणि प्रवास करत हृदय गाठते.

या कुळाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो ब्लूफिन टूना या मोठ्या कुप्यांमुळे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनजवळ मोकळ्या समुद्रातून पकडलेले टूना तरंगत्या पिंजऱ्यांत आणतात आणि काही महिने सार्डिन खायला घालून पोसतात. त्यांच्या हृदयातल्या कार्डिकोला फॉरस्टेरी या जातीचं वर्णन २००० साली झालं. जपानमधल्या टूनांत कार्डिकोला ओरिएंटॅलिस आणि कार्डिकोला ओपिस्थॉर्किस अशा आणखी दोन जाती २०१० आणि २०११ मध्ये नोंदवल्या गेल्या. यांतली पहिली कल्ल्यांकडे जाणाऱ्या धमन्यांत राहते, दुसरी हृदयात. फॉरस्टेरीचा मधला यजमान २०११ मध्ये सापडला: लाँगिकार्पस मॉडेस्टस नावाचा, पिंजऱ्यांच्या परिसरातल्या गाळात राहणारा टेरेबेलिड.

मग पिंजऱ्यात काय बिघडतं तेही स्पष्ट झालं. मोकळ्या समुद्रात फिरणारा टूना चिखलातल्या अशा वस्तीवरून क्वचितच आणि घाईत जातो. पिंजऱ्यातला टूना महिनोन्‌महिने तिथेच घिरट्या घालतो, त्याच्या कल्ल्यांतल्या अळ्या खालच्या कृमींत जातात आणि खालच्या अळ्या वर येतात. पोर्ट लिंकनला पिंजऱ्यात आणल्यानंतर साधारण ६ ते १२ आठवड्यांत मरतूक वाढत असे, हे गणित या चक्राशी जुळतं. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात ठेवलेल्या टूनांत हा कृमी आढळला नाही, असं तिथल्या एका तुलनेत दिसलं. जपानमध्ये केवळ तळाचा चिखल पाहून भागत नाही, कारण ओरिएंटॅलिसचा टेरेबेलिड यजमान पिंजऱ्याच्या दोरांवर आणि तरंगत्या भागांवर साचलेल्या शेवाळ-शिंपल्यांतही राहतो.

हृदयात कृमी आहे म्हणून मासा हृदयविकाराने मरतो, अशी कल्पना होणं साहजिक आहे. हृदयाच्या आतल्या थराला सूज येते, अडकलेल्या अंड्यांभोवती पेशींच्या गाठी होतात, हे खरं. पण खरा घात अंडी करतात, आणि तोही कल्ल्यांत. हजारो अंडी बारीक वाहिन्या बंद करतात, भोवती दाह होतो, पातळ पापुद्रे जाड होऊन एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू रक्तात शिरायची जागा घटते. टूनाला हे फार महाग पडतं. तो सतत पोहत, तोंड उघडं ठेवून कल्ल्यांवरून पाणी नेतो आणि त्याची प्राणवायूची गरज प्रचंड असते. पाणी गरम झालं, प्राणवायू कमी झाला किंवा पकडापकडीत मासा दमला, की एरवी निभावून नेलेला भार एकदम अंगावर येतो. जे तगतात, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे कृमींची संख्या घटते.

औषध आहे: प्राझिक्वान्टेल, माणसाच्या शिस्टोसोमावर वापरतात तेच. जपानमध्ये टूनाच्या पिल्लांना खाद्यातून दर किलो वजनामागे रोज १५ मिलिग्रॅम, असं ३ दिवस देऊन प्रौढ कृमी मारता आले. समजा पिंजऱ्यात अर्ध्या किलोचे १,००० मासे आहेत, म्हणजे एकूण ५०० किलो. रोज ७.५ ग्रॅम औषध लागेल, तीन दिवसांत २२.५ ग्रॅम. दिवसाचं खाद्य २५ किलो असेल तर दर किलो खाद्यात ३०० मिलिग्रॅम. कागदावर हे सोपं दिसतं. पण औषध कडू असल्याने मासे खाद्य टाकतात, आणि सर्वांत आजारी मासा सर्वांत कमी खातो, त्यामुळे ज्याला गरज त्यालाच मात्रा अपुरी पडते. एकूण वजनाचा अंदाज कमी धरला तरी तेच होतं. शिवाय कल्ल्यांत आधीच अडकलेली अंडी या औषधाने मरत नाहीत, आणि यजमान कृमी शेजारीच असल्याने पुन्हा लागण होते. हा हिशेब टूनाचा आहे. दुसऱ्या जातीच्या माशासाठी तो तसाच उचलू नये, मत्स्यवैद्यकाला विचारावं.

आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो तो माशांमुळे. जिताड्याच्या रक्तवाहिन्यांत राहणारी क्रुओरिकोला लेट्स ही जात १९९४ मध्ये वर्णिली गेली, तीही आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या माशांतून. सकल्याच्या, म्हणजे गोव्याकडच्या मोडशाच्या, हृदयातून सेट्टारियम अँथिकम ही जात मेक्सिकोच्या आखातात २००६ मध्ये नोंदवली गेली. हे दोन्ही मासे आज भारतात पिंजऱ्यांत वाढवले जातात. म्हणून उथळ, चिखलाच्या खाडीत पिंजरा लावणाऱ्याने मेलेल्या माशाचे कल्ले नुसते पाहून ‘प्राणवायू कमी पडला’ असा निष्कर्ष काढून थांबू नये. खाणाऱ्यांनी मात्र घाबरायचं कारण नाही. हे कृमी माणसाला होत नाहीत.

तपासणीला मासा ताजा हवा. बर्फात गोठलेल्या माशातले कृमी फाटतात आणि ओळखू येत नाहीत. दोन्ही कल्ल्यांच्या मध्ये, गळ्याच्या खालच्या बाजूला कात्रीने हृदयाची पोकळी उघडावी आणि धमनीकंदासह हृदय अखंड काढावं. ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात ते काचेच्या पेट्री डिशमध्ये ठेवून अलिंद आणि निलय कापून उघडावेत. निलयाची भिंत स्पंजासारखी असते, त्यामुळे तिच्या खाचांत पिचकारीने हेच पाणी जोराने मारावं लागतं, नाहीतर निम्मे कृमी आतच राहतात. धुतलेलं पाणी बाटलीत थोडा वेळ निवळू द्यावं, वरचं गढूळ पाणी ओतून टाकावं आणि तळाचा साका काळ्या पार्श्वभूमीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कल्ल्याचे काही तंतू दोन काचपट्ट्यांमध्ये दाबले की अंडी दिसतात. हृदय रिकामं आणि कल्ले अंड्यांनी भरलेले असं आढळलं, तर लागण झालीच नाही असं समजू नये: प्रौढ मेले असतील, किंवा ती जात हृदयात राहणारी नसेल. कृमी पाठवायचे असल्यास जवळजवळ उकळत्या मिठाच्या पाण्यात मारावेत, म्हणजे आखडत नाहीत. काही फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत आणि काही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही आणि जवळच्या जाती वेगळ्या ओळखायला तो लागतोच.